आतून वेगळे, बाहेरून एक

अ‍ॅप उघडल्याबरोबर पडद्यावर जे चिन्ह दिसते, जो नाद कानी पडतो, बटणांवर जी अक्षरे उमटतात आणि ती अक्षरे ज्या वळणाने उमटतात ते वळण, यांपैकी एकही गोष्ट काटेकोर अर्थाने प्रोग्रामात मोडत नाही. प्रोग्राम म्हणजे आज्ञांचा क्रम; चित्र, ध्वनी, शब्द आणि फॉन्ट ही त्या आज्ञांना लागणारी सामग्री. वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा भेद अस्तित्वातच नसतो. त्याने एक वस्तू घेतली, एक वस्तू उघडली आणि नकोशी झाली तेव्हा एकच वस्तू काढून टाकली, एवढे त्याला ठाऊक. आणि त्याला एवढेच ठाऊक असणे पुरावे, यासाठी गेली चाळीस वर्षे संगणकविद्येतील पुष्कळ बुद्धी व पुष्कळ श्रम खर्ची पडले आहेत. शेकडो, प्रसंगी हजारो, फाइलींना एका पॅकेजात बांधण्याच्या या विद्येचा मराठी वाचकांस परिचय करून देणे, हा प्रस्तुत पुस्तकाचा हेतू आहे.

विषय वरवर पाहता कारकुनी वाटण्याचा संभव आहे. गठ्ठा बांधावा, त्याला चिठ्ठी लावावी आणि रवाना करावा, यात शास्त्र ते कसले, असा प्रश्न एखाद्या चौकस वाचकाने केला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु या विद्येचा इतिहास जो बारकाईने पाहील त्याला असे आढळून येईल की, बांधणे हा तिच्यातला सर्वांत सोपा भाग होय. अवघड आहे ते बांधूनही वेगळे ठेवणे. पॅकेज बाहेरून एकसंध असावे, पण आत प्रत्येक जिनसेचे नाव, ठिकाण आणि स्वतंत्र अस्तित्व शाबूत राहावे, या दोन मागण्या परस्परविरोधी भासतात. आणि ज्या पद्धतींनी त्या दोन्ही पुरवल्या त्याच टिकल्या, ज्यांनी एकीसाठी दुसरीचा बळी दिला त्या मागे पडल्या अथवा त्यांना पुढे दुरुस्तीची ठिगळे लावावी लागली. या प्रस्तावनेत हाच एक मुद्दा निरनिराळ्या दाखल्यांनी विशद करावयाचा आहे.

सामग्री ठेवावी कोठे, या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर म्हणजे जातवार वाटणी. युनिक्स आणि तिच्या परंपरेतील लिनक्स या प्रणालींत चालवावयाचे प्रोग्राम ‘बिन’मध्ये, लायब्रऱ्या ‘लिब’मध्ये, चित्रे, शब्दसंग्रह व मदतीचा मजकूर ‘शेअर’मध्ये आणि व्यवस्थेच्या नोंदी ‘ईटीसी’मध्ये, अशी खातेवार विभागणी असते. एकाच अनुप्रयोगाचे अवयव याप्रमाणे चार सुभ्यांत वाटले जातात. ही व्यवस्था अविचाराने जन्मलेली नाही. जेथे एक यंत्र अनेक माणसे वापरतात, डिस्क महाग असते आणि देखरेखीस जाणता अंमलदार नेमलेला असतो, तेथे एकच फॉन्ट आणि एकच लायब्ररी सर्वांनी समाईक वापरणे यातच शहाणपण होते. आणि कोणती फाइल कोणाच्या मालकीची याची नोंदवही पॅकेज मॅनेजर चोख ठेवतो तोवर तो कारभार आजही सुरळीत चालतो. परंतु यंत्र माणसाच्या टेबलावर आले, आणि मालक, अंमलदार व वापरकर्ता या तिन्ही भूमिका एकाच सामान्य मनुष्याकडे आल्या, तेव्हा ही वाटणी जाचक ठरू लागली. अनुप्रयोग दुसऱ्या यंत्रावर न्यावयाचा तर त्याचे अवयव गोळा करावयाचे कोणी, आणि काढून टाकावयाचा तर मागे राहिलेला पसारा ओळखावयाचा कसा? विंडोजच्या समाईक फोल्डरात एका अनुप्रयोगाने आणून टाकलेली लायब्ररीची निराळी आवृत्ती दुसऱ्या अनुप्रयोगाच्या मुळावर येई, आणि या प्रकाराचा जाच इतका सार्वत्रिक झाला की ‘डीएलएल हेल’ हे त्याचे नाव प्रोग्रामरांच्या नित्य बोलण्यात रूढ झाले.

या प्रश्नाचा पहिला सर्वांगीण विचार मॅकिंटॉशच्या निमित्ताने झाला. १९८४च्या जानेवारीत अ‍ॅपल कंपनीने बाजारात आणलेल्या या यंत्राची मेमरी अवघी १२८ किलोबाइट आणि फ्लॉपीची क्षमता ४०० किलोबाइट होती. आणि एवढ्या तुटपुंज्या शिधासामग्रीवर खिडक्या, मेनू, चित्रचिन्हे आणि तऱ्हतऱ्हेची अक्षरवळणे यांचा सारा थाट चालवावयाचा होता. ब्रूस हॉर्न यांनी रचलेला ‘रिसोर्स मॅनेजर’ हा त्यावरचा तोडगा. मॅकिंटॉशवरील प्रत्येक फाइलीला दोन अंगे असत: एक ‘डेटा फोर्क’, ज्यात सलग मजकूर असे, आणि दुसरे ‘रिसोर्स फोर्क’, ज्यात सामग्रीचे सुटे सुटे जिन्नस फेरिस्तीसह मांडलेले असत. प्रत्येक जिनसेला चार अक्षरांची जात आणि एक क्रमांक असे. आयकॉन, मेनू, संवादचौकटी, ध्वनी या सर्वांच्या ठरावीक जाती होत्या, आणि विशेष असे की खुद्द प्रोग्रामाच्या आज्ञाही ‘कोड’ या जातीचा एक जिन्नस म्हणून त्याच पंगतीत बसत.

या रचनेचे दोन लाभ झाले. पहिला काटकसरीचा: जो जिन्नस ज्या क्षणी हवा तो त्याच क्षणी फ्लॉपीवरून मेमरीत आणावा, आणि जागेची टंचाई पडताच ज्यांवर तशी खूण केलेली आहे ते जिन्नस खुशाल टाकून द्यावेत, कारण मूळ प्रत फाइलीत सुरक्षित असते. दुसरा लाभ अधिक दूरगामी होता. मेनूतील आणि संवादचौकटीतील शब्द आज्ञांपासून अलग असल्यामुळे, प्रोग्रामाची एक ओळही न वाचता, ‘रेसएडिट’सारख्या साधनाने भाषांतरकाराला इंग्रजी शब्दांच्या जागी फ्रेंच वा जपानी शब्द बसवता येऊ लागले. अनुप्रयोग बाहेरून एकच फाइल राहिला आणि आतून तो अनेक हातांना काम करण्याजोगा झाला. जो आदर्श आपण वर मांडला तो येथे प्रथमच सांगोपांग साकार झालेला दिसतो.

तथापि या रचनेत एक मूलभूत वैगुण्य होते. दोन अंगांची फाइल ही कल्पना मॅकिंटॉशच्या फाइल-व्यवस्थेलाच मान्य होती. इतर प्रणालींना फाइल म्हणजे बाइटांची एकच सलग ओळ, एवढेच ठाऊक. परिणामी मॅकिंटॉशची हद्द ओलांडताच फाइलीचे रिसोर्स फोर्क बहुधा गळून पडे, आणि पोचलेला अनुप्रयोग निव्वळ रिकामे टरफल ठरे. हे टाळण्यासाठी ‘बिनहेक्स’ आणि ‘मॅकबायनरी’ यांसारख्या पद्धतींनी दोन्ही अंगे एका ओळीत गुंफून पाठवावी लागत व पलीकडे पुन्हा सोडवावी लागत. आतील पृथक्त्व येथे उत्तम राखले गेले होते, पण बाहेरील एकत्व केवळ एका मुलखाच्या कायद्यावर विसंबून होते; आणि जे एकत्व हद्दीपलीकडे टिकत नाही ते प्रवासाच्या उपयोगाचे नव्हे.

दुसरा मार्ग याच्या नेमका उलट दिशेने आला. इंग्लंडातील एकॉर्न कंपनीच्या ‘रिस्क ओएस’ प्रणालीत, आणि स्टीव्ह जॉब्ज यांनी अ‍ॅपल सोडल्यावर स्थापिलेल्या नेक्स्ट कंपनीच्या ‘नेक्स्टस्टेप’मध्ये, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, अनुप्रयोग ही एक फाइल नसून एक फोल्डर असावा आणि प्रणालीने तो वापरणाऱ्याला एका वस्तूसारखा दाखवावा, अशी योजना झाली. रिस्क ओएसमध्ये ज्या फोल्डराचे नाव उद्गारचिन्हाने सुरू होते तो अनुप्रयोग, असा सुटसुटीत नियम होता. नेक्स्टमध्ये नावाच्या शेवटी ‘अ‍ॅप’ हा प्रत्यय लावीत. अ‍ॅपलने १९९६च्या अखेरीस नेक्स्ट विकत घेण्याचे जाहीर केले, आणि २४ मार्च २००१ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘मॅक ओएस एक्स’मध्ये रिसोर्स फोर्कची गादी या फोल्डररूपी बंडलाकडे आली. आजही मॅकवरील कोणत्याही अनुप्रयोगावर उजवी कळ दाबून त्याच्या पॅकेजातील मजकूर दाखवण्यास सांगितले, तर आत आज्ञांचा एक फोल्डर, ‘रिसोर्सेस’ नावाचा सामग्रीचा फोल्डर आणि अनुप्रयोगाचे नाव, आवृत्ती, आयकॉन इत्यादी कैफियत सांगणारी ‘इन्फो’ नावाची फाइल, अशी नेटकी मांडणी नजरेस पडते. प्रत्येक भाषेचे शब्द त्या त्या भाषेच्या उपफोल्डरात असतात. येथे प्रत्येक जिन्नस साधी, कोणत्याही प्रणालीला कळणारी फाइल आहे, ही मोठीच सोय झाली. मात्र फोल्डर हा डिस्कवर एक दिसला तरी तारेवरून पाठवताना अनेकच असतो. म्हणून रवानगीच्या वेळी त्याला पुन्हा एका फाइलीत बांधणे भाग पडते. आयफोनसाठीचे ‘आयपीए’ पॅकेज म्हणजे असाच एक बंडल-फोल्डर झिपमध्ये बांधलेला असतो.

झिप या पद्धतीचा उल्लेख येथे आला तो योग्यच झाला, कारण आजच्या बहुतेक पॅकेजांच्या मुळाशी तीच आहे. अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी ती १९८९ साली प्रसृत केली, आणि त्यांच्या नावाची ‘पीके’ ही आद्याक्षरे आजही प्रत्येक झिप फाइलीच्या नोंदींत खूण म्हणून वावरतात. झिपची खरी करामत दाबून लहान करण्यात नसून फेरिस्तीच्या जागेत आहे. युनिक्सच्या जुन्या ‘टार’ पद्धतीत फाइली एकीमागून एक ठेवलेल्या असतात आणि सर्वांची मिळून यादी कोठेच नसते. त्यामुळे शेवटच्या फाइलीपर्यंत पोचण्यास आधीच्या साऱ्या फाइलींच्या मथळ्यांवरून जावे लागते, आणि संपूर्ण टार दाबलेला असेल तर तो उलगडतच जावे लागते. झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबलेली असते, आणि सर्वांची मध्यवर्ती फेरिस्त अगदी शेवटी असते. वाचणारा प्रथम शेवटाकडे जातो, फेरिस्त वाचतो आणि हवी ती एकच फाइल उचलतो. फेरिस्त शेवटी असल्याने नवीन जिन्नस घालताना आधीचा सारा ऐवज हलवावा लागत नाही. आणि वाचन शेवटाकडून सुरू होत असल्याने झिपच्या पुढे दुसरेच काही, उदाहरणार्थ ती उलगडणारा प्रोग्राम, जोडला तरी चालते. आपोआप उलगडणाऱ्या फाइली ज्या निघाल्या त्या याच गुणावर.

जावा भाषेने १९९७च्या सुमारास आपल्या ‘जार’ पॅकेजासाठी झिपच स्वीकारली. ओपन डॉक्युमेंट, वर्डची अलीकडील दस्तऐवज-पद्धत आणि ईपब ही पुस्तकाची पद्धत याही आतून झिपच आहेत. म्हणजे चित्रांसह लिहिलेला अहवाल आणि चित्रांसह चालणारा अनुप्रयोग यांची बांधणी तत्त्वतः एकच ठरली. परंतु फेरिस्तीचे सामर्थ्य सर्वांत रंजक रीतीने दाखवून दिले ते एका खेळाने. १९९३च्या डिसेंबरात टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या संस्थेने ‘डूम’ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील नकाशे, चित्रे, ध्वनी आणि संगीत ही सर्व सामग्री ‘वॅड’ या एका फाइलीत होती. तिची रचना विलक्षण साधी आहे: आरंभी बारा बाइटांचा मथळा, त्यात जातीची खूण, जिनसांची संख्या आणि फेरिस्तीचे ठिकाण, आणि फेरिस्तीत प्रत्येक जिनसेस सोळा बाइटांची एक नोंद, जिच्यात त्याची जागा, त्याचे आकारमान आणि फार तर आठ अक्षरांचे नाव. त्यातच अशी तजवीज होती की खेळणाऱ्याने आपली निराळी वॅड फाइल जोडली तर त्याच नावाचा नवा जिन्नस जुन्याची जागा घेई. मूळ प्रोग्रामाला हात न लावता जगभरच्या हौशी मंडळींनी डूमसाठी नवे नकाशे रचले, आणि त्या खेळाला जे दीर्घायुष्य लाभले त्याचे बरेचसे श्रेय या दिलदार फेरिस्तीला आहे. सामग्री आज्ञांत विरघळवून टाकली असती तर हे घडणे कदापि शक्य नव्हते.

आज आपल्या देशात बहुसंख्यांच्या हाती जो फोन आहे त्याच्या, म्हणजे अँड्रॉइडच्या, पॅकेजाचा विचार आता करू. पुस्तकाची मधली प्रकरणे त्यावरच आहेत. ‘एपीके’ ही एक झिप फाइल आहे. तिच्यात आज्ञांची ‘डेक्स’ फाइल, अनुप्रयोगाची कैफियत सांगणारी ‘मॅनिफेस्ट’, आणि सामग्रीचे दोन निरनिराळे फोल्डर असतात. ‘अ‍ॅसेट्स’मधील फाइली जशाच्या तशा राहतात आणि नावाने मागवल्या जातात, ‘रेस’मधील प्रत्येक जिनसेला मात्र बांधणीच्या वेळी ३२ बिटांचा एक क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकामागे कोणत्या परिस्थितीत कोणती फाइल वा कोणता शब्द द्यावयाचा याचे कोष्टक एका वेगळ्या फाइलीत तयार होते. आज्ञा फक्त क्रमांक सांगते. फोनची भाषा मराठी असेल तर मराठी शब्द, पडदा दाट असेल तर मोठे चित्र, हा निवाडा प्रणाली करते, आणि मराठी शब्द नसेल तर मूळ भाषेचा शब्द पुढे करून वेळ निभावून नेते.

येथे मीडिया फाइलींच्या बाबतीत एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जेपेग चित्र, एमपी-थ्री ध्वनी, एमपी-फोर चित्रफीत हे आधीच दाबलेले प्रकार असतात. त्यांना झिपमध्ये पुन्हा दाबण्याने आकार जवळजवळ घटत नाही, आणि उघडण्याचा खर्च मात्र वाढतो. म्हणून अँड्रॉइडची बांधणी-साधने असे जिन्नस न दाबता जसेच्या तसे ठेवतात. आणि ‘झिपअलाइन’ हे साधन न दाबलेला प्रत्येक जिन्नस चाराच्या पटीतील बाइटावर सुरू होईल अशी मांडणी करते, जेणेकरून प्रणालीला तो पॅकेजातून वेगळा न काढता जागच्या जागीच मेमरीशी जोडून वाचता यावा. बांधलेला राहूनही जिन्नस सुटा असल्यासारखा वापरता येणे, ही या विद्येची परिपक्व अवस्था म्हणता येईल.

याउलट, सामग्री थेट प्रोग्रामाच्या पोटात घालण्याचाही एक जुना पंथ आहे, आणि त्याची उपेक्षा करणे न्यायाचे होणार नाही. एक्स विंडो प्रणालीत ‘एक्सबीएम’ नावाची चित्रे चक्क सी भाषेतील आकड्यांच्या यादीच्या रूपात लिहिलेली असत. क्यूटीची रिसोर्स-व्यवस्था, गो भाषेच्या २०२१ सालच्या १.१६ या आवृत्तीत आलेली ‘एम्बेड’ची सोय आणि सी भाषेच्या सी-२३ या मानकात त्याच नावाने आलेली आज्ञा, ही त्याच पंथाची सुधारलेली रूपे होत. फाइल खरोखरच एक राहते, हरवण्यासारखे काही उरत नाही. लहान सेवा-प्रोग्राम, त्याचे दोनचार साचे आणि एखादे चिन्ह यांसाठी याहून सोपा उपाय नाही. परंतु चित्राचा एक बाइट आकड्यांच्या यादीत लिहावयास पाच-सहा अक्षरे खर्च होत, आणि मोठी फाइल अशा रीतीने घालताना कंपायलरची दमछाक होई. नव्या सोयींनी हा खर्च वाचवला असला, तरी एक शब्द बदलण्यासाठी सारा प्रोग्राम पुन्हा बांधावा लागतो ही अडचण राहतेच. जेथे सामग्रीवर काम करणारा हात प्रोग्रामरचाच आहे तेथे हा पंथ चालतो. जेथे चित्रकार, संगीतकार आणि भाषांतरकार निराळे आहेत तेथे तो अडतो.

मराठीच्या दृष्टीने तर हा विषय केवळ सोयीचा नसून जिव्हाळ्याचा आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी देवनागरीचे बहुतेक फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर आपली अक्षरचित्रे बसवून काम भागवीत, आणि प्रत्येक फॉन्टची बसवण्याची रीत निराळी. मजकुरासोबत तोच फॉन्ट गेला नाही तर वाचणाऱ्यापुढे रोमन अक्षरांचा निरर्थक खच पडे. म्हणजे फॉन्ट ही शोभेची वस्तू नव्हती, तो मजकुराचाच अविभाज्य अंश होता. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरी वर्णांना स्वतःच्या पक्क्या जागा दिल्या, आणि तो सर्वत्र रुळल्यावर ही आपत्ती टळली. पण प्रश्न पुरता मिटला नाही. जोडाक्षरे कशी जुळावीत, वेलांटी कोठे बसावी, ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र कसा वळावा, हे फॉन्टातील कोष्टके आणि प्रणालीतील अक्षरजुळणीचे यंत्र मिळून ठरवतात; म्हणून नुसता फॉन्ट पॅकेजात घातला आणि पलीकडचे यंत्र त्या कोष्टकांना ओळखत नसले, तर जोडाक्षरे पाय मोडून पडतात. पॅकेजाचा आकार कमी करण्याच्या भरात कोणी फॉन्टातून ही कोष्टकेच छाटली, तर तेच संकट घरातून उद्भवते. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून भिन्न आहेत, पण युनिकोडात दोहोंची जागा एकच. मराठी वळण हवे असेल तर ते फॉन्टात असले पाहिजे आणि मजकूर मराठी असल्याचे अनुप्रयोगाने जाहीरही केले पाहिजे.

शब्दांची गोष्टही अशीच. इंग्रजीत विचार करणारा प्रोग्रामर वाक्याचे तुकडे आज्ञांत पेरतो आणि चालत्या वेळी ते चिकटवतो. शहराचे नाव एका तुकड्याच्या मागे जोडले की त्याचे वाक्य पुरे होते. मराठीत क्रियापद शेवटी जाते, एवढ्यानेच ती जुळणी कोलमडते. त्यातून नामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते, आणि ‘पुणे’पुढे ‘हून’ चिकटवणाऱ्या यंत्राकडून ‘पुण्याहून’ निघत नाही, ‘पुणेहून’ असे काहीतरी निघते. याला इलाज एवढाच की संपूर्ण वाक्य हाच एक जिन्नस मानून तो आज्ञांबाहेर, सामग्रीत, ठेवावा, आणि नावासाठी त्यात केवळ एक मोकळी जागा सोडावी. मग भाषांतरकार ती जागा आपल्या भाषेच्या चालीने हलवू शकतो, आणि ‘पुणे येथून’ अशी प्रत्यय चुकवणारी रचनाही करू शकतो. जे अनुप्रयोग मराठीत अडखळत बोलतात, त्यांतील पुष्कळांचा दोष भाषांतराचा नसून बांधणीचा असतो.

पॅकेज रवाना झाल्यावर वाटेत त्यात कोणी फेरफार केला नाही, याची खातरजमा कशी व्हावी? मराठेशाहीतील पत्राच्या शेवटी मोर्तब उठवीत, ती मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घालू नये, अशा अर्थाची मर्यादा असे. पॅकेजावरील डिजिटल सही हेच काम अधिक कठोरपणे करते. अँड्रॉइडच्या आरंभीच्या पद्धतीत आतील प्रत्येक फाइलीचा ठसा वेगळा घेतला जाई, त्यामुळे झिपच्या रचनेतील काही भाग सहीच्या कक्षेबाहेर राहत. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७पासून आलेल्या दुसऱ्या पद्धतीने समग्र पॅकेजाच्या बाइटांवरच सही घेण्यास आरंभ केला. सहीचा मजकूर मध्यवर्ती फेरिस्तीच्या लगेच आधी राहतो, आणि बाकीचा एक बाइट जरी बदलला तरी प्रणाली पॅकेज नामंजूर करते. यातून एक शिस्त आपोआप निष्पन्न होते. पॅकेज हे वाचावयाचे, लिहावयाचे नव्हे. वापरणाऱ्याची माहिती, त्याच्या आवडीनिवडी, उतरवून घेतलेली गाणी यांची जागा पॅकेजाबाहेर, प्रणालीने नेमून दिलेल्या मुक्कामी असावी; ज्याने आपल्याच पॅकेजात लिहिण्याची सवय लावून घेतली आहे त्याचा अनुप्रयोग सहीच्या राज्यात चालावयाचा नाही.

आता या कथेतील सर्वांत बोधप्रद वळणाकडे येऊ. एकाच पॅकेजात सर्व घालण्याची सोय झाली आणि पॅकेजे फुगू लागली. प्रत्येक दाटीच्या पडद्यासाठी निराळे चित्र, प्रत्येक भाषेसाठी निराळे शब्द, प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी निराळ्या आज्ञा, हे सारे प्रत्येक फोनवर उतरू लागले, आणि ज्याला फक्त मराठी व एकच पडदा ठाऊक त्याच्या पदरीही पन्नास भाषा व पाच पडदे पडू लागले. गुगलच्या दुकानात एपीकेची मर्यादा प्रथम ५० मेगाबाइट होती, पुढे १०० झाली. मोठ्या खेळांसाठी प्रत्येकी दोन गिगाबाइटपर्यंतच्या दोन पुरवणी फाइलींची मुभा २०१२ साली देण्यात आली. अखेर अ‍ॅपलने २०१५ साली ‘अ‍ॅप थिनिंग’ आणले आणि गुगलने २०१८ साली ‘अ‍ॅप बंडल’ जाहीर केले, जे २०२१च्या ऑगस्टपासून तेथील नव्या अनुप्रयोगांना सक्तीचे झाले. यात प्रोग्रामर सर्व सामग्रीसह एकच गठ्ठा दुकानाकडे सोपवतो, आणि दुकान प्रत्येक फोनची भाषा, पडदा व प्रोसेसर पाहून त्यातून नेमके तेवढेच जिन्नस काढून देते. जे इतक्या सायासाने एकत्र बांधले ते पुन्हा सोडून वाटण्यात आले, असे म्हणून कोणी हसेल. पण हे सोडणे शक्य झाले ते बांधताना प्रत्येक जिन्नस त्याच्या नावानिशी आणि अटींनिशी वेगळा राखला होता म्हणूनच. ज्यांनी चित्रे आज्ञांत मिसळली होती त्यांच्या पॅकेजातून यंत्राला काहीच वगळता आले नाही.

मग पॅकेजात घालावे काय आणि बाहेरच्यावर सोपवावे काय? चित्रे, ध्वनी, शब्द आणि आपल्या अनुप्रयोगापुरते फॉन्ट यांविषयी वाद फारसा नाही. ती सोबत न्यावीत. खरा वाद आहे तो लायब्रऱ्यांचा. लिनक्सवर ‘अ‍ॅपइमेज’, ‘फ्लॅटपॅक’ आणि ‘स्नॅप’ या पद्धती आल्या त्या, प्रत्येक वितरणासाठी निराळे पॅकेज बांधण्याच्या कटकटीतून सुटका म्हणून. पण प्रत्येक अनुप्रयोगाने आपापली लायब्ररी पोटात घेतली, आणि त्या लायब्ररीत सुरक्षिततेचे छिद्र आढळले, तर एके ठिकाणी केलेली दुरुस्ती पुरत नाही, ती प्रत्येक पॅकेजात पोचवावी लागते. फ्लॅटपॅकने समाईक ‘रनटाइम’ची कल्पना काढून मधला मार्ग धरला. चित्र कालांतराने धोक्याचे होत नाही, आज्ञा होऊ शकते; या भेदाकडे लक्ष ठेवून सीमा आखावी, असे आमचे मत आहे.

सोबत नेणे म्हणजे वाटणे, आणि वाटण्याला परवाना लागतो, हेही विसरून चालणार नाही. आपल्या यंत्रावर फॉन्ट आहे, एवढ्याने तो पॅकेजात घालून हजारो लोकांना देण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. ध्वनी आणि चित्रे यांनाही हाच न्याय. एसआयएल संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सखालील फॉन्ट सॉफ्टवेअरबरोबर देण्यास मुक्त आहेत, मात्र ते एकटे विकता येत नाहीत आणि परवान्याचा मजकूर त्यांच्यासोबत राहिला पाहिजे. गुगलचा नोटो सान्स देवनागरी याच परवान्याचा असल्याने नव्या मराठी अनुप्रयोगाला आरंभ करण्यास अडचण उरलेली नाही.

पुस्तकाची मांडणी आता थोडक्यात सांगतो. पहिल्या भागात झिपची रचना बाइटागणिक तपासली आहे, दुसऱ्यात अँड्रॉइड आणि आयफोन यांची पॅकेजे, तिसऱ्यात टेबलावरच्या यंत्रांची; चौथा भाग संपूर्णपणे देवनागरी फॉन्ट आणि मराठी शब्द यांना दिला आहे, आणि ज्यांस घाई असेल त्यांनी तोच प्रथम वाचला तरी हरकत नाही. मात्र पहिले पान उलटण्यापूर्वी वाचकाने एक काम अवश्य करावे. एखाद्या मुक्त परवान्याच्या अनुप्रयोगाची एपीके संगणकावर घ्यावी, तिच्या नावाचा शेवट बदलून झिप करावा, ती उघडावी आणि आत काय कोठे ठेवले आहे ते निवांत पाहावे. पुढे स्वतःचे पॅकेज बांधण्याची वेळ येईल तेव्हा त्याची पारख एकाच कसोटीवर करावी: आज्ञेची एक ओळही न वाचू शकणाऱ्या भाषांतरकाराला त्यातला एक शब्द बदलता येतो काय, आणि तो बदलून पुन्हा बांधलेले पॅकेज पूर्वीसारखेच एक वस्तू म्हणून चालते काय. या दोन्ही प्रश्नांना होकार मिळाला, तर बांधणी उत्तम झाली असे खुशाल समजावे. एकालाही नकार आला, तर बाकीची सारी हुशारी बाजूला ठेवून प्रथम तेवढे दुरुस्त करावे.